मदत हवी आहे: ‘टायफस’ला मराठीत काय म्हणावं?

बेर्गन-बेल्सन छळछावणीत एप्रिल १९४५ मध्ये शिरलेल्या एका ब्रिटिश सैनिकाच्या आठवणी मराठीत आणतेय. सुमारे ६० हजार कैदी, उघड्यावर हजारो प्रेतं आणि टायफसची साथ. गाडी अडलीय ती याच शब्दावर.

शब्दकोशात ‘विषमज्वर’ मिळाला, पण तो टायफॉइड, दूषित अन्नपाण्याचा. हा उवांमुळे पसरणारा. म्हणून तर कैद्यांवर डीडीटीची पूड मारली, बराकी जाळल्या. ‘विषमज्वर’ लिहिलं तर बराकी का जाळल्या हेच कळणार नाही. डॉक्टर मावशीने ‘टायफसच लिही’ म्हणून हात झटकले!

अभिवाचन असल्याने तळटीप देता येत नाही. सैनिक साधं, तुटक बोलतो, तेव्हा संस्कृत जोडशब्दही नकोत. उवांच्या या तापाला एखादं जुनं, बोलीतलं नाव कुणी ऐकलंय का?