गोमुखाला जायचे तर मृगाआधी की सोयाबीननंतर?

प्रश्न (जिंतूर)
नमस्कार. वडिलांनी नुकतीच साठी ओलांडली असून गंगोत्रीहून पायी गोमुखापर्यंत जाऊन हिमनदीचे मुख पाहावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. पेरणीच्या आणि सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत आम्हा दोघांनाही शेत सोडता येत नाही. सचखंड एक्सप्रेसने परभणीहून दिल्ली, रात्रीच्या बसने ऋषिकेश, तिथून जीपने थेट गंगोत्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला सुरुवात, असा बेत आहे. तो योग्य आहे का, आणि महिना कोणता निवडावा?

उत्तर (नांदेड)
दिल्लीपर्यंतचा बेत ठीक आहे, पुढचा मात्र बदला. आपला मुलूख समुद्रसपाटीपासून चार-पाचशे मीटरवर, गंगोत्री तीन हजारांच्या वर आणि गोमुख चार हजारांच्या जवळपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. एवढी उंची दोन दिवसांत गाठली, तर रोज शेतात राबणाऱ्या माणसालाही त्रास होऊ शकतो, कारण विरळ हवेची सवय अंगमेहनतीने होत नाही, मुक्कामानेच होते. म्हणून एक रात्र उत्तरकाशीला, एक हर्षिलला आणि दोन गंगोत्रीला काढाव्यात. गंगोत्रीहून चिरबासामार्गे भोजबासा चौदा किलोमीटर आहे. तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढचे चार किलोमीटर जाऊन परत यावे. डोके दुखून मळमळू लागले तर आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे. रक्तदाब आणि हृदयाची तपासणी जाण्यापूर्वीच करून घ्या, आणि उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

उत्तर (लातूर)
हवेचा विचार केला तर सप्टेंबरअखेर उत्तम, पण तेव्हा आपल्याकडे काढणी असते, आणि ती उरकेपर्यंत तिकडे थंडी वाढलेली असते; शिवाय दिवाळीच्या सुमारास गंगोत्री मंदिराचे कपाट, म्हणजे दार, हिवाळ्यासाठी बंद होते. त्यामुळे तुम्हाला मेचा उत्तरार्धच सोयीचा. वाटेत कुठे कुठे बर्फ लागेल आणि यात्रेची गर्दीही असेल, तरी मृगाआधी घरी पोहोचता येईल. जुलै-ऑगस्टचा विचारही करू नका. याच रस्त्यावरच्या धराली गावात ऑगस्ट २०२५ मध्ये अचानक आलेल्या पुराने आणि गाळाने काय केले, ते सर्वांनी पाहिले आहे. चारधामची नोंदणी वेगळी आणि गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा परवाना वेगळा, हे विसरू नये. गोमुखासाठी दिवसाला दीडशे जणांनाच परवानगी मिळते, तेव्हा परवान्याची तारीख आधी पक्की करून मगच रेल्वेचे आरक्षण करावे.

उत्तर (बीड)
वडिलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांचा हिरमोड होईल. सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या या हिमनदीचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला असल्यामुळे लांबून तो पांढराशुभ्र दिसत नाही. मुखाशी मात्र मळकट, निळसर बर्फाची भिंत दिसते आणि तिच्याखालून भागीरथी बाहेर पडते. ती भिंत सतत ढासळत असते, त्यामुळे पाणी भरून घेण्याच्या ओढीने कोणी तिच्या पायथ्याशी गेले तरी तुम्ही जाऊ नका. पाणी खालच्या प्रवाहातून भरले तरी ते गंगेचेच आहे.