मदत हवी आहे: बी-२९ बॉम्बरवरच्या आजोबांच्या आठवणीतली रात्र नेमकी कोणती?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. आमच्या शेजारचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बी-२९ बॉम्बरवर रडार ऑपरेटर होते. ते आता नाहीत. नातवाने रेकॉर्ड केलेल्या त्यांच्या आठवणींच्या कॅसेट त्यांच्या लेकीने माझ्याकडे दिल्या, कारण त्यांत खरगपूर, चाकुलिया अशी नावं सारखी येतात. ऐकून ऐकून सगळं लिहून काढतेय, पण एका रात्रीपाशी गाडी अडलीय.

रात्र टोकियोची. रडारवाल्याची जागा विमानाच्या मागच्या भागात, तिथे खिडकी नसे. त्यामुळे पेटलेलं शहर आजोबांनी पाहिलंच नाही. त्यांना आठवतो तो वास. आधी धुराचा, मग त्यात मिसळलेला दुसरा, ज्याबद्दल ते पुढे बोलत नाहीत. मग आगीवरून उठलेली गरम हवा विमानाला खालून धक्का देते आणि पेन्सिली, नकाशा, थर्मास सगळं छताला जाऊन आदळतं. रडारच्या पडद्यावर मात्र टोकियोच्या उपसागराचा किनारा अगदी स्वच्छ दिसत होता, हे ते पुन्हा पुन्हा सांगतात.

घरच्यांच्या मते ही ९-१० मार्च १९४५ ची रात्र. मला ते पटत नाही. त्या रात्री २७९ विमानांनी टोकियोवर बॉम्ब टाकले, सुमारे एक लाख माणसं गेली. पण ती विमानं पॅसिफिकमधल्या सायपान, तिनियन आणि ग्वाम बेटांवरच्या ७३, ३१३ आणि ३१४ क्रमांकाच्या विंगची (बॉम्बर विमानांच्या मोठ्या तुकड्यांची) होती. आजोबांची ५८वी विंग तेव्हा खरगपूरच्या आसपासच्या तळांवर होती, तिनियनला ती एप्रिल-मेमध्ये गेली. म्हणजे २३-२४ मे किंवा २५-२६ मे. यातल्या दुसऱ्या रात्री २६ विमानं गमावली गेली, आणि सकाळी तळावर दिसलेल्या रिकाम्या जागा आजोबांच्या बोलण्यात येतात, म्हणून माझा कल तिकडे आहे.

तारखेसाठी जीव तुटतोय, कारण तारीख कळली तर खाली कुठली वस्ती जळत होती ते कळेल. आजोबांनाही तेच जाणून घ्यायचं होतं.

अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर हवाई दलाचं अभिलेखागार आहे. तिथून एखाद्या बॉम्ब ग्रुपचे (विंगमधल्या लहान तुकडीचे) त्या-त्या रात्रीचे अहवाल कुणी मागवलेत का? त्यांत प्रत्येक विमानावरच्या माणसांची नावं असतात का? सेंट लुईसच्या सरकारी नोंदी-केंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत लष्कराच्या त्या काळातल्या बहुतेक सेवानोंदी जळाल्या, त्यामुळे तिकडून फारशी आशा नाही. मार्चमध्ये ५८व्या विंगमधून कुणाला एकेकट्याने दुसऱ्या विंगमध्ये पाठवलं होतं का, हेही जाणकारांनी सांगावं. तसं असेल तर माझा सगळा हिशेब चुकेल.

आणि नागपूरकडच्या मंडळींना खास विनंती: घरातलं कुणी बंगाल-नागपूर रेल्वेत खरगपूरला असेल, तर १९४४-४५ मधल्या तिथल्या विमानतळांबद्दल घरी जे काही ऐकलं असेल ते इथे लिहा. फोटो असेल तर फारच उत्तम.

(कॅसेटमधला आवाज मी अजून इथे चढवलेला नाही, लेकीची परवानगी यायची आहे.)