शब्दचर्चा : ‘सक्तीचा सद्गुण’ म्हणता येईल का?

बेळगाव, कॅम्प
चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या अभ्यासवर्गासाठी चार पानांचं मराठी टिपण करायचं आहे. वर्गात मराठी, कोकणी आणि कन्नड घरांतली मंडळी एकत्र बसतात, म्हणून शब्द नेमके हवेत. सरकारने कायद्याचा बडगा दाखवून लोकांना लैंगिक बाबतीत नीतीने वागायला लावलं, तर त्या वागण्याला ख्रिस्ती दृष्टीने काय म्हणायचं, हा विषय. मसुद्यात ‘सक्तीचा सद्गुण’ असं लिहिलंय, पण वाचताना खडा लागतो. शिवाय ‘व्यभिचार’ आणि ‘जारकर्म’ एकाच अर्थाने वापरावेत का? आणि ‘इच्छास्वातंत्र्य’ बरं की ‘स्वेच्छा’?

निपाणी
ताई, खडा लागायलाच हवा. सद्गुण माणसात असतो, सदाचार त्याच्या वागण्यात दिसतो. कायद्याचा हात वागण्यापर्यंत पोहोचतो, त्याच्या आत जात नाही. म्हणून ‘सक्तीचा सदाचार’ चालेल. ‘सक्तीचा सद्गुण’ म्हटलं की पहिला शब्द दुसऱ्याचा अर्थच काढून घेतो.

१३व्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने सद्गुणाला लॅटिनमध्ये ‘हाबितुस’ म्हटलं आहे. चांगली कृती पुन्हा पुन्हा, स्वतः निवडून केल्यावर अंगी मुरते ती प्रवृत्ती. याला ‘सवय’ म्हणू नका. सवय तंबाखूचीही असते. ‘अंगवळणी पडणं’ हे जास्त जवळचं.

पण तोच अक्वायनस कायद्याला मोडीत काढत नाही, हे टिपणात यायला हवं. शिक्षेच्या धाकाने सुरू झालेलं चांगलं वागणं पुढे माणूस आपखुशीने करू लागतो, असं त्याचं म्हणणं आहे. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : ‘वळण लावणं’. वळण बाहेरून लावतात, अंगवळणी मात्र आपल्या आपण पडतं. आणि लगेच तो मर्यादाही घालतो. मानवी कायद्याने सगळ्याच दुर्गुणांवर बंदी घालू नये. बहुतेकांना टाळता येतील असे जड दोष, त्यातही दुसऱ्याला इजा करणारे, खून-चोरीसारखे, तेवढेच रोखावेत. कारण तो देतो ते व्यवहारी आहे : कच्च्या माणसावर पेलणार नाही एवढं ओझं टाकलं, तर तो ते फेकून देतो आणि पहिल्यापेक्षा वाईटाकडे जातो.

खानापूर
सरांच्या ‘सक्ती’बद्दल थोडं. हा शब्द फारसी ‘सख्ती’वरून आला, मूळ अर्थ कठोरपणा. ‘आसक्ती’ संस्कृत, मूळ अर्थ चिकटणं. कानाला जवळचे, पण एकमेकांशी नातं नाही. टिपणात दोन्ही शेजारी आले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांपासून दूर ठेवा.

कन्नड घरांतल्या लोकांसाठी आणखी एक जपायला हवं. कन्नडमध्ये ‘बलवंत’ म्हणजे बळजबरी. मराठीत ‘बळवंत’ म्हणजे बलवान, माणसाचं नावही. ‘बळ’ धरून शब्द बनवण्यापेक्षा ‘सक्ती’ किंवा ‘जबरदस्ती’ ठेवा, ते सीमेच्या दोन्ही बाजूंना कळतात. ‘शासन’ तर टाळाच. मराठीत त्याचे दोन अर्थ, सरकार आणि शिक्षा. कन्नडमध्ये ‘शासन’ म्हटलं की आधी शिलालेख नाहीतर कायदा डोळ्यापुढे येतो. सरळ ‘सरकार’ लिहा.

आणि ‘आग्रह’. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात मेजवानीचा दाखला आहे, त्यात धनी चाकराला लोकांना आत आणायला सांगतो. मराठी बायबलात तिथे ‘आग्रह’ आहे. जेवायला बसा म्हणून करतात तो आग्रह. पाहुणा नको म्हणू शकतो. लॅटिन बायबलात त्याच जागी ‘कॉम्पेल्ले’, म्हणजे भाग पाड. ऑगस्टीन (३५४–४३०) या ख्रिस्ती आचार्याने चर्चपासून फुटलेल्या डोनाटिस्ट पंथावर सरकारी दडपण आणण्याच्या बाजूने याच वाक्याचा आधार घेतला, आणि पुढे कित्येक शतकं धर्मात जबरदस्ती करणारे तोच आधार देत राहिले. हाच ऑगस्टीन आधी माणसाच्या मोकळ्या निवडीवर ग्रंथ लिहितो. मराठी भाषांतरकाराने ‘आग्रह’ निवडून दाखल्याचा सूर राखला, असं मला मनापासून वाटतं.

बेळगाव, कॅम्प
अक्का, हे फार उपयोगी. आता व्यभिचार आणि जारकर्म?

निपाणी
दोन वेगळे ठेवा. बायबलातल्या दहा आज्ञांत आहे तो ‘व्यभिचार’, ग्रीकमध्ये ‘मोइखेइया’ : लग्नाचं वचन मोडणं. बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत ‘जारकर्म’ येतं ते ‘पोर्नेइया’साठी, आणि त्याचा आवाका मोठा, लग्नाबाहेरचे सगळे लैंगिक संबंध. म्हणजे प्रत्येक व्यभिचार जारकर्मात मोडतो, उलट नाही. अडचण एवढीच की ‘जारकर्म’ आता चर्चच्या बाहेर कोणी बोलत नाही, तरुण पोरांना तो कळतही नाही. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. कन्नडचा ‘हादर’ मात्र मराठी वाक्यात घेऊ नका. तो गावात शिवी म्हणून चालतो, टिपणाचा सूरच बिघडेल. मराठीतल्या ‘शिंदळकी’चंही तेच. ‘बाहेरख्यालीपणा’ सभ्य आहे, पण तो बहुतकरून पुरुषाबद्दल बोलतात.

खानापूर
हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण ‘शील’ उलट्या बाजूने अडकलं आहे. ‘शीलवती’ म्हटलं की योनिशुचिता, ‘शीलवान’ म्हटलं की एकूण चांगला माणूस. बाईचं शील ‘भ्रष्ट होतं’, पुरुषाचं कधी होत नाही. ख्रिस्ती शुद्धतेसाठी हा शब्द वापरला तर ही सगळी गाठोडी सोबत येतात. मत्तयच्या ५व्या अध्यायात येशू बोट ठेवतो ते पाहणाऱ्या पुरुषाच्या मनावर. जिच्याकडे पाहिलं तिच्यावर नाही. तेव्हा ‘शुद्धता’ किंवा ‘संयम’ घ्या. पौलाने पवित्र आत्म्याची फळं, म्हणजे त्यातून येणारे गुण, सांगितली त्यात मराठी बायबलाचा शब्द ‘इंद्रियदमन’. तोही जरा जड, दमन म्हटलं की दडपणं वाटतं. ग्रीक ‘एन्क्रातेइया’त स्वतःवर स्वतःची सत्ता असा भाव आहे. आणि ही यादी गलतीकरांस पत्रात संपते ती ‘अशांविरुद्ध नियमशास्त्र नाही’ या शब्दांवर. ताई, तुमच्या टिपणाचा गाभा तिथेच आहे : हे फळ आहे, झाडाला बांधून लोंबकळवता येत नाही.

निपाणी
‘पाप’ आणि ‘गुन्हा’ यांची सरमिसळही होऊ देऊ नका. भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ४९७ मध्ये व्यभिचाराला पाच वर्षांपर्यंत कैद होती. पण गुन्हा कशाचा? दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय किंवा मूकसंमतीशिवाय, संबंध ठेवल्याचा. नवऱ्याने होकार दिला की गुन्हा उरत नव्हता. अविवाहित स्त्रीशी संबंध ठेवणारा विवाहित पुरुष या कलमात सापडतच नव्हता. म्हणजे हे कलम नवऱ्याचा हक्क राखत होतं. ‘सरकार शुद्धता राखत होतं’ असं लिहिलंत तर चूक होईल. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला ते रद्द केलं. व्यभिचार घटस्फोटाचं कारण म्हणून मात्र राहिला.

ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही हेच माप होतं. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे; बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रौर्य किंवा परित्याग अशी जोड द्यावी लागे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली. दहा आज्ञांतली आज्ञा स्त्री-पुरुषांना एकच आहे, आणि ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी केलेल्या कायद्यात मात्र दोन मापं. सरकारच्या हातात नीती दिली की काय होतं, त्याचा हा आपल्या घरातला पुरावा.

बाहेरचा दाखला हवा असेल तर इंग्लंडचा १६५० चा व्यभिचार कायदा घ्या. राजाला हटवून आलेल्या कडव्या प्रॉटेस्टंटांच्या, म्हणजे प्युरिटन, राजवटीत विवाहित स्त्रीशी संबंधाला दोघांनाही मृत्युदंड, साध्या जारकर्माला तीन महिने कैद. फाशी समोर दिसते म्हणून ज्युरी दोषी ठरवायला कचरत. १६६० मध्ये राजा परतला तसा कायदाही गेला.

खानापूर
सर, एवढं सगळं मान्य. पण एक रेघ स्पष्ट आखा, नाहीतर वाचणारा म्हणेल की सरकारने या प्रांतात पाऊलच ठेवू नये. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्ती आहे. मुलीच्या गळ्यात मणी बांधून तिला यल्लम्माला सोडायचं, ही चाल. आधी मुंबई इलाख्याचा १९३४ चा कायदा होता, मग कर्नाटकाचा १९८२ चा देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा आला. त्यात सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि सोडणारे आईबाप किंवा नातलग असतील तर दोन ते पाच वर्षं, असं ठरवलं होतं. हा ‘सक्तीचा सदाचार’ नव्हे. इथे निवडीचा हक्क मुलीचा होता आणि तो दुसऱ्यांनी काढून घेतला होता. कायदा तो परत देतो. अशा मुलीने पुढे केलेलं लग्न कायद्याने ग्राह्य आहे, हेही त्यात लिहिलं होतं. याला ‘संरक्षण’ म्हणा. ‘देवाला सोडणं’ हा वाक्प्रचार टिपणात आला तर अवतरणात घाला, कारण त्यात करणारा माणूस लपतो.

बेळगाव, कॅम्प
म्हणजे ‘प्रतिबंध’ आणि ‘सक्ती’ वेगळे ठेवायचे. दारूबंदीचं उदाहरण कुठे बसेल?

निपाणी
मधे. आणि तिथे मराठीने काम सोपं केलंय : ‘दारूबंदी’ आणि ‘व्यसनमुक्ती’. बंदी बाहेरून येते, मुक्ती पिणाऱ्याची असते. बेळगाव मुंबई राज्यात होता तेव्हा १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू होता, आणि शेजारी गोवा पोर्तुगीजांकडे, तिथे बंदी नाही. दुकान बंद झालं म्हणून तहान बंद होत नाही, ती हातभट्टीकडे वळते. अक्वायनसचं ओझ्याबद्दलचं वाक्य इथे पुन्हा आठवावं.

खानापूर
राहिलं ‘इच्छास्वातंत्र्य’. तेच ठेवा. ‘स्वेच्छा’ म्हणजे आपणहून, स्वेच्छानिवृत्तीसारखं. त्यात तत्त्वाचा प्रश्न येत नाही. इच्छास्वातंत्र्यासाठीच्या लॅटिन शब्दात ‘आर्बित्रियुम’ आहे, म्हणजे निवाडा, निवड. नुसती इच्छा नव्हे. त्यामुळे एकदा ‘निवड करण्याची मोकळीक’ असा खुलासा करा. ‘मोकळीक’ पौलाच्या करिंथच्या पहिल्या पत्रात आहेच : सर्व गोष्टींची मोकळीक आहे, पण सगळ्या हिताच्या नसतात, आणि हे तो जारकर्माच्याच संदर्भात म्हणतो.

वर्गात कॅथलिक आणि मेथडिस्ट दोन्ही असतील तर इथे जपून. १५२४-२५ मध्ये कॅथलिक विद्वान इरॅस्मस आणि प्रॉटेस्टंट सुधारक लूथर यांचा वाद याच शब्दावर झाला. लूथरच्या मते तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, बाबतीत मनुष्याची इच्छा बांधलेली आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये ठरवलं की पापाने ती दुबळी झाली, विझली नाही. वेस्लीच्या, म्हणजे मेथडिस्ट, परंपरेत देवाची कृपा आधी येऊन ती मोकळी करते. कृपा आधी की निवड आधी, यावर मतभेद आहेत. पण पोलीस आधी, असं या तिघांतलं कोणीच म्हणत नाही.

निपाणी
अक्का, ‘नीतिमान’ राहिला. चर्चबाहेरच्या मराठीत नीतिमान म्हणजे नीतीने वागणारा. मराठी बायबलात ‘नीतिमान ठरणं’ म्हणजे देवाने विश्वासावरून निर्दोष मानणं. ‘कायद्याने माणूस नीतिमान होत नाही’ असं लिहिलंत तर शेजारच्या हिंदू वाचकाला ते सरकारी कायद्याबद्दल वाटेल आणि चर्चमधल्याला मोशेच्या नियमशास्त्राबद्दल, म्हणजे बायबलातल्या जुन्या धर्मनियमांबद्दल. दोघंही मान डोलावतील, दोघांनी वेगळं वाचलेलं असेल.

बेळगाव, कॅम्प
वाक्य असं केलंय, पाहा : ‘सरकार दुसऱ्याला होणारी इजा रोखू शकतं, वागण्याला वळणही लावू शकतं, पण सक्तीच्या सदाचाराला सद्गुण म्हणता येत नाही, कारण त्यात निवड नसते.’ योहानाच्या ८व्या अध्यायातली, व्यभिचारात धरून दगडमारासाठी येशूपुढे आणलेली बाईही घेतली आहे : दगड खाली पडले, तरी ‘पाप’ हा शब्द येशूने मागे घेतला नाही.

खानापूर
छान. फक्त ‘निवड नसते’ऐवजी ‘निवड त्याची नसते’ करा. निवड कोणीतरी केलेलीच असते.