मदत हवी आहे: ट्रॅव्हॉन वॉकर खरंच चांगला एज रशर आहे, की नुसता दांडगा गडी?

नमस्कार मंडळी,

जॅक्सनविलला येऊन सहा वर्षं झाली. सुरुवातीला हे अमेरिकन फुटबॉल म्हणजे दर पाच सेकंदांनी थांबणारी धक्काबुक्की वाटायची. मग लेक इथल्या जॅग्वार्स संघाच्या नादी लागला आणि त्याच्यामागून मीही.

आता अडचण अशी की आमचे साडू मिशिगनला, कट्टर लायन्सवाले (डेट्रॉइटचा संघ). 2022 च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजचे खेळाडू संघ पाळीपाळीनं निवडतात तो) पहिली निवड जॅग्वार्सची होती. त्यांनी जॉर्जिया विद्यापीठाचा एज रशर (लाइनच्या कडेनं क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, धावून जाणारा बचावपटू) वॉकर उचलला आणि मिशिगन विद्यापीठाचा एडन हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर लायन्सच्या पदरात पडला. तेव्हापासून साडू फोनवर आधी "काय म्हणतोय तुमचा पहिला नंबर?" विचारतात, ख्यालीखुशाली नंतर. परवा लेकानंच विचारलं, "बाबा, वॉकर भारी आहे का?" आणि मला धड उत्तर देता येईना.

सॅकचे (क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडणं) आकडे तोंडपाठ आहेत. वॉकर: पहिल्या वर्षी 3.5 सॅक, 2023 मध्ये 10, 2024 मध्ये 10.5. हचिन्सन: 9.5, मग 11.5, आणि 2024 मध्ये पाचच सामन्यांत 7.5, पाचव्यात, डॅलसला, पाय मोडला. (त्या दिवशी साडूंना चिडवलं नाही. तेवढी माणुसकी आहे.) कॉलेजातही तीच तऱ्हा. 2021 मध्ये हचिन्सनचे 14 सॅक, वॉकरचे 6. म्हणजे जॅग्वार्सनी निकाल बघून नाही, अंगकाठी बघून माणूस घेतला: 6 फूट 5 इंच, 272 पौंड, साडेपस्तीस इंचांचे हात, आणि एवढं वजन घेऊन 40 यार्ड 4.51 सेकंदांत.

मी शाळेत सांगलीला कबड्डी खेळायचो, डाव्या कोपऱ्यात. त्यामुळे नजर आपोआप पायांकडे जाते. गेल्या महिन्यात वरून घेतलेलं अख्ख्या मैदानाचं चित्रण लावून वही घेऊन बसलो. वॉकर पहिल्या दोन पावलांत समोरच्या टॅकलच्या (क्वार्टरबॅकला राखणारा कडेचा गडी) छातीवर हात ठेवतो आणि त्याला ढकलत मागे नेतो. बघायला मजा येते. पण टॅकलनं बूड खाली टाकून पाय रोवले की पुढे काय? बऱ्याचदा दोघं तिथंच अडकलेले दिसतात, आणि तोवर चेंडू गेलेला असतो. हचिन्सन अशा वेळी गिरकी घेऊन आतून निघतो.

तर जाणकारांना विचारायचंय: दहा-दहा सॅक ही या गड्याची कमाई समजायची की परिस्थितीची? आणि चोविशीपर्यंत जे डाव हाताशी आले नाहीत ते पुढे येतात का? नवा सीझन तोंडावर आला की साडूंचा फोन येईलच.

प्रतिसाद १

दादा, सॅकवर जाऊ नका. सॅक म्हणजे पिकलेला आंबा, कधी तुम्ही दगड मारता, कधी आपसूक पडतो. मागे कव्हरेज घट्ट असेल, क्वार्टरबॅकला चेंडू द्यायला कुणी मोकळंच नसेल, तर चार सेकंदांनी कुणीतरी त्याला पाडतोच. वहीत दुसरंच लिहा: स्नॅपनंतर (चेंडू मागे देऊन डाव सुरू झाल्यावर) अडीच सेकंदांच्या आत तो टॅकलला ओलांडतोय का? फक्त तिसऱ्या डाउनचे (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), लांब पल्ल्याचे डाव बघा, तिथं पास येणार हे सगळ्यांना माहीत असतं, लपवाछपवी नसते.

2023 मध्ये लाइनच्या दुसऱ्या कडेला जॅग्वार्सचाच जॉश हाइन्स-ॲलन 17.5 सॅक काढत होता. सगळी जादा माणसं त्याच्याकडे जायची. त्या वर्षाचे दहा मी थोडे स्वस्तातले धरतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धा सहमत. 2024 मध्ये हाइन्स-ॲलन 8 वर आला, संघ 4 विजय, 13 पराभव असा आपटला आणि तरी वॉकरचे 10.5. संघ मागे पडला की समोरचा धावून वेळ काढतो, पास कमी टाकतो, एज रशरच्या संधी घटतात. ते कसे स्वस्त?

गिरकीचं निरीक्षण बरोबर आहे, पण कारणही बघा. जॉर्जियाच्या त्या बचावातले पाच जण 2022 च्या पहिल्याच फेरीत गेले. तिथं वॉकरला कित्येकदा आत, लाइनच्या मध्याकडे उभं करायचे. काम असायचं जागा अडवायचं, क्वार्टरबॅकमागे पळायचं नाही. बाहेरून वळसा घेताना बाइक वळणावर कलते तसं अंग कलवावं लागतं, घोटा आणि कंबर दोन्ही वाकवून. ते अंगात असावं लागतं, त्याच्यात कमी आहे असं माझं मत. पण हाताचे डाव शिकता येतात. छातीवर हात ठेवल्यावर टॅकल पुढे रेलला की त्याला खेचून बाजूला टाकणं, हा एकच डाव पक्का झाला तरी त्याची ताकद दुप्पट कामाची होईल. तेवढंच शोधा.

आणि धावणारे डाव गाळू नका. कडेनं जाणारा रनर आत वळवण्यात तो पक्का आहे. त्याचा आकडा बातम्यांत येत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल रात्री लेकाला घेऊन पुन्हा बसलो, फक्त तिसरा डाउन. खेचून टाकायचा तो डाव एका सामन्यात दोनदा दिसला. एकदा टॅकल तोंडावर आपटला, एकदा वॉकर स्वतःच. लेक म्हणाला, "बाबा, हे साडूकाकांना सांगू नका." पहिला प्रसंग तेवढा सांगणार आहे.

अजून एक विचारतो: हात नेमके कुठं पडले हे वरच्या चित्रणात कळत नाही. मागून, एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) बाजूनं बघताना तुम्ही नजर कुठं ठेवता?