३५ दिवसांच्या चक्रात अंडमोचन १४ व्या दिवशीच होते का?

प्रश्न: विज्ञान शिक्षिका

नमस्कार. मी दहावीला विज्ञान शिकवते. मासिक पाळीचा भाग शिकवताना मी फळ्यावर २८ दिवसांचे चक्र काढते, १४ व्या दिवसावर फुली मारते आणि तिथे ‘अंडमोचन’, म्हणजे अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडणे, असे लिहिते. परवा तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. वहीच्या शेवटच्या पानावर तिने आपल्या गेल्या पाच पाळ्यांच्या तारखा लिहून आणल्या होत्या आणि त्यांत कधी ३४, तर कधी ३६ दिवसांचे अंतर होते. “मॅडम, मग मी १४ वा दिवस धरायचा की मधला?” असे तिने हळूच विचारले. ‘मधला’ हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते, पण खात्री नसताना तिला काहीतरी सांगून मोकळे होणे मला पटले नाही. चक्र लांबते तेव्हा त्याचा नेमका कोणता भाग लांबतो आणि त्यामागे संप्रेरकांचे कार्य कसे चालते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १: स्त्रीरोगतज्ज्ञ

मॅडम, त्या मुलीसाठी उत्तर १४ वा दिवसही नाही आणि मधलाही नाही. ढोबळमानाने ते २१ व्या दिवसाच्या आसपास येते. याचे कारण असे की अंडमोचनाचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजायचा नसून पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा असतो.

चक्राचा पहिला भाग म्हणजे अंडपुटिका (अंडपेशी जिच्यात वाढते ती अंडाशयातील छोटी पिशवी) पक्व होण्याचा काळ. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी पुटिका ग्रंथी संप्रेरक सोडते, त्यामुळे अंडाशयातील काही पुटिका वाढू लागतात आणि त्यांतील एक बाकीच्यांना मागे टाकते. ती पुटिका जे इस्ट्रोजेन तयार करते, ते सुरुवातीला पीयूषिकेला आवरून धरते. मात्र त्याची पातळी चांगली वर जाऊन साधारण दोन दिवस तशीच टिकली, की तेच इस्ट्रोजेन उलट पीयूषिकेला चालना देते आणि पीतपिंडकारी संप्रेरकाची मोठी लाट उसळते. या लाटेच्या आरंभापासून सुमारे ३६ तासांनी पुटिका फुटून अंडपेशी बाहेर पडते. त्या पातळीपर्यंत पोहोचायला एका स्त्रीला १२ दिवस लागतात, तर दुसरीला २१. एकाच स्त्रीला आजारपणात, ताणात किंवा वजन झपाट्याने उतरल्यावर अधिक दिवस लागू शकतात. म्हणजे चक्र लांबते ते मुख्यतः इथे.

दुसरा भाग मात्र बराचसा ठरलेला असतो. फुटलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो. शस्त्रक्रियेच्या वेळी बदामाएवढ्या अंडाशयावर सुपारीसारखा पिवळसर उंचवटा दिसतो, तो हाच. इतकी वर्षे पाहूनही तो दिसला की माझी नजर तिथे क्षणभर थांबते, कारण सारे गणित त्याच्या आयुष्यावर बेतलेले असते. तो प्रोजेस्टेरॉन तयार करून गर्भाशयाचे अंतःस्तर गर्भासाठी सज्ज ठेवतो. गर्भ रुजला नाही तर तो सुमारे १४ दिवसांत आपोआप कोमेजतो, प्रोजेस्टेरॉन उतरते, अंतःस्तराच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्तर सुटू लागतो आणि पाळी येते. गर्भ रुजला तर त्याच्या बाह्य आवरणातून येणारे संप्रेरक पीतपिंडाला जगवते, आणि पुढे आठ-दहा आठवड्यांच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन तयार करण्याचे काम वार (गर्भाला पोषण पुरवणारा अवयव) आपल्याकडे घेते. घरी लघवीची चाचणी करतात तेव्हा पट्टी शोधते ते गर्भाचे हेच संप्रेरक.

उत्तर २: प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक

डॉक्टरांच्या विवेचनाला इतिहासाची जोड देतो. ही ‘मागून मोजणी’ जपानमधील डॉ. क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये मांडली. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण स्त्रियांचे अंडाशय प्रत्यक्ष पाहून आणि त्यांच्या पाळीच्या तारखा ताडून, अंडमोचन पुढच्या पाळीपूर्वी १२ ते १६ दिवसांच्या दरम्यान होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस हेही स्वतंत्रपणे जवळजवळ त्याच निष्कर्षाला पोहोचले. संप्रेरके रक्तात मोजण्याची सोय नसताना केवळ डोळे आणि तारखा यांच्या बळावर हे साधले, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे असे मला वाटते.

मुलगे विचारतील म्हणून एवढेच जोडतो, की पीयूषिकेची हीच दोन संप्रेरके पुरुषांतही असतात. पीतपिंडकारी संप्रेरकामुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते आणि पुटिका ग्रंथी संप्रेरकाचा शुक्रपेशींच्या निर्मितीत वाटा असतो. तिथे टेस्टोस्टेरॉन पीयूषिकेला सतत आवरतच राहते. इस्ट्रोजेनसारखा उलटा परिणाम होऊन लाट उसळण्याचा प्रकार नसतो, म्हणून पुरुषांत मासिक चक्रही नसते.

शिक्षिकेचा पुढील प्रश्न

आपणा दोघांचे मनापासून आभार. आता फुली मारताना मी आधी पुढच्या पाळीचा दिवस लिहीन आणि तिथून १४ घरे मागे येईन. फक्त एक शंका उरते: त्या मुलीचे चक्र ३४-३६ दिवसांचे आहे, यात काळजी करण्यासारखे काही आहे का?

उत्तर ३: स्त्रीरोगतज्ज्ञ

नाही. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर स्वाभाविक मानतात, कारण अधश्चेतक (पीयूषिकेला नियंत्रित करणारा मेंदूचा भाग), पीयूषिका आणि अंडाशय यांचा मेळ अजून बसत असतो; काही चक्रांत तर अंडमोचन होतही नाही. तीन महिने उलटूनही पाळी आली नाही, किंवा रक्तस्राव सात दिवसांहून अधिक काळ चालला, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे. आणखी एक गोष्ट वर्गात स्पष्ट करावी: मागे मोजणे हे पुढची पाळी येऊन गेल्यावरच शक्य असते, त्यामुळे या हिशेबावरून येत्या महिन्यातील ‘सुरक्षित’ दिवस ठरवू नयेत. अंडपेशी जेमतेम एक दिवस टिकते, पण शुक्रपेशी स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्या मुलीला तारखा लिहीत राहायला सांगा. पुढे कधी डॉक्टरांकडे जावे लागले, तर आम्ही सर्वांत आधी तेच पान मागतो.