घर न मिळालेल्या मांजरांची आठवण तुम्ही कशी ठेवता?

पट्टेरी_मनी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका शेल्टरला दर रविवारी जाते, २०१४ पासून. लिटर साफ करणं, वाट्या घासणं, औषधं भरवणं आणि अडॉप्शनला लोक आले की मांजरं दाखवणं, एवढंच माझं काम. तर मागच्या महिन्यात आमची मावशी गेली. मावशी हे मांजरीचं नाव. राखाडी पट्टेरी, कुठल्याही गल्लीत कचऱ्याच्या डब्यावर बसलेली दिसते ना अगदी तशी. २०१५ च्या पावसाळ्यात कुणीतरी साबुदाण्याच्या खोक्यात घालून गेटवर ठेवून गेलं होतं, सोबत ३ पिल्लं. पिल्लांना दोन-अडीच महिन्यांत घरं मिळाली, ही राहिली ती राहिलीच.

माणसांना भयंकर घाबरायची. कुणी बघायला आलं की थेट लोखंडी कपाटावर, तिथून नुसते डोळे दिसणार. आणि येणारे तरी काय, "पिल्लू नाहीये का?" नाहीतर "पर्शियन असतं का तुमच्याकडे?" मग काय, तिचा फोटो दर वर्षी अडॉप्शनच्या पोस्टमध्ये जायचा आणि दर वर्षी खाली "किती गोड" च्या १५ कमेंट आणि फोन एकही नाही.

पण पिल्लांसाठी वेडी होती. उन्हाळा लागला की आमच्याकडे रोज कुठून ना कुठून आईवेगळी पिल्लं येतात, डोळेसुद्धा न उघडलेली. त्यांना आम्ही दर दोन-तीन तासांनी बाटलीने दूध पाजतो पण नुसतं पाजून भागत नाही, इतकी लहान पिल्लं आपली आपण शू-शी पण करू शकत नाहीत, आईने चाटलं तरच होते. आम्ही ओल्या कापसाने पुसतो, दहा मिनिटं जातात एकेकाला. मावशी असली की टोपली तिच्यासमोर ठेवायची आणि चहा प्यायला जायचं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, हिने दुसऱ्यांच्या पिल्लांना शंभर तरी घरं दाखवली असतील, स्वतः कपाटावर.

शेवटी किडनी गेली. पाणी खूप प्यायला लागली, पाठीचा कणा हाताला लागायला लागला, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी किती बिघडलीय ते दाखवणारा आकडा) ७ च्या वर. मग एक दिवसाआड सलाईन, मानेमागची कातडी उचलून सुई घालायची आणि १०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट, ते सलाईनच) सोडायचं. त्यासाठी मी ऑफिस सुटल्यावर जायला लागले. आणि या सगळ्या वर्षांत जिने मला हात लावू दिला नाही ती मांडीवर पडून राहायची, कारण पळायची ताकदच नव्हती. मला ते आवडायचं आणि आवडतंय म्हणून लाज वाटायची, काय सांगू.

गेली तेव्हा रजिस्टरमध्ये तारीख, "मयत", "किडनी". तीन शब्दांत संपली. दत्तक गेलेलं मांजर गेलं तर त्याचे आईबाबा ग्रुपवर मोठ्ठी पोस्ट लिहितात, लहानपणापासूनचे फोटो टाकतात. हिच्यासाठी कोण लिहिणार?

मी सुचवलं की ऑफिसच्या भिंतीवर अशा मांजरांचे फोटो लावूया. त्यावर एक मोठे म्हणाले की नको, अडॉप्शनला येणाऱ्यांना वाटेल इथे मांजरं मरतातच. राग आला पण मुद्दा अगदीच खोटा पण नाही. तुम्ही कुणी शेल्टरला काम करत असाल, किंवा बिल्डिंगखालची मांजरं सांभाळत असाल, तर तुम्ही काय करता?

---

बोका_संन्यासी

ताई, वाचून घशात आवंढा आला. ऑफिसात वाचायला नको होतं.

मी डोंबिवलीचा. आमच्या इथल्या शेल्टरमध्ये एक वेगळी खोली आहे, एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा व्हायरस) पॉझिटिव्ह बोक्यांची. आयुष्यभर गल्लीत मारामाऱ्या केलेले सगळे, कान फाटलेले, गाल सुजून टणक झालेले, एक जण एका डोळ्याचा. रिटायर झालेल्या पैलवानांचा आखाडाच म्हणा. हा आजार मुख्यतः खोल चावा बसला की पसरतो, माणसाला अजिबात होत नाही, आणि नीट सांभाळलं तर बोका वर्षानुवर्षं मजेत जगतो. हे सगळं मी आलेल्या प्रत्येकाला सांगतो. ते मान हलवतात, बोक्याच्या हनुवटीखाली खाजवत असतात आणि "पॉझिटिव्ह" शब्द आला की हात अलगद मागे घेतात. तो हात मागे जाताना बघणं हा सगळ्यात वाईट भाग आहे.

आमचा बाजीराव (तोच एका डोळ्याचा) ६ वर्षं राहिला. त्याला घर नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही हां. दुपारी ३ ते ५ खिडकीतलं ऊन त्याचं, त्या वेळात तिथे दुसरा बोका बसायचा नाही, ही त्याची जहागीर होती. तो गेल्यावर ४-५ दिवस ती जागा रिकामीच होती, कुणीच बसेना. मग एक दिवस बसले.

त्याचा पट्टा माझ्या बाईकच्या किल्लीला आहे. घुंगरू काढून टाकलं, सिग्नलला वाजायचं.

भिंत करा. फक्त गेलेल्यांची नको, असलेल्यांचे पण फोटो लावा एकत्र. कोण गेलंय ते आपल्याला माहीत असलं की झालं.

---

सरळसोट

थोडं कडू बोलतो, हलकेच घ्या.

भिंत, फ्रेम, प्रिंट, तीन-चार हजार सहज जातील. तेवढ्यात दोन नसबंद्या होतात. एक मांजरी वर्षात दोन-तीनदा विते, एका वेळेला चार धरा, तुम्हीच हिशोब करा. ज्यांना घर मिळालं नाही त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं काम म्हणजे तशी अजून जन्माला येऊ न देणं. अडॉप्शन पोस्टवर रडणारे बदाम टाकणाऱ्यांनी एक पिल्लू महिनाभर फॉस्टर केलं (घरी तात्पुरतं सांभाळलं) असतं तर निम्मी खोली रिकामी झाली असती.

---

पट्टेरी_मनी

@सरळसोट, नसबंदीबद्दल १००% सहमत, आमचा निम्मा खर्च त्यावरच होतो. पण मग गेलेल्यांचं काय करायचं, काहीच नाही? तुम्ही काय करता?

---

सरळसोट

मी नाव ठेवत नाही. म्हणजे लहान पिल्लांना.

एका उन्हाळ्यात माझ्या फॉस्टरच्या खोलीत पॅनल्यूक शिरला. कॅट पार्वो म्हणतात तो. ११ पिल्लं होती, सगळ्यांना नावं होती, माझ्या मुलीने ठेवली होती, बटाटा, वांगं, दोडका, अख्खी मंडई. सकाळी खेळतंय आणि रात्री थंड. ९ दिवसांत ९ गेली. व्हॅक्सिनच्या वयाचीच नव्हती. तो व्हायरस खोलीत वर्षभर राहू शकतो, साध्या फिनाईलने जात नाही, ब्लीचच लागतं, त्यामुळे गाद्या, टोपल्या, मुलीने केलेला पुठ्ठ्याचा किल्ला, सगळं जाळलं. मुलगी नऊ वर्षांची होती.

तेव्हापासून नवीन पिल्लांना १५ दिवस नंबर. पंधरा दिवस काढले की नाव. मुलगी आता कॉलेजला आहे, ती गुपचूप पहिल्या दिवशीच नाव ठेवते आणि मला सांगत नाही. मला माहितीये.

वाचलेल्या दोघांपैकी दोडक्याला घर मिळालं. वांगं माझ्याकडेच आहे. आत्ता कीबोर्डवर बसायला बघतंय.

---

बोका_संन्यासी

सरळसोट साहेब, तुमचा आयडी बदला आता.

---

स्टुटगार्टवाली

मी इथे जर्मनीत जवळच्या टिअरहाइममध्ये (शेल्टरच) महिन्यातून दोनदा जाते, मांजरांशेजारी नुसतं बसायला. खरंच असं काम असतं, घाबरट मांजरांना माणसाची सवय व्हावी म्हणून शेजारी बसून वाचायचं. मी मराठी वाचते, त्यांना काय फरक पडतो.

इथे म्हाताऱ्या किंवा आजारी आणि कुणी नेणार नाही अशा प्राण्यांसाठी एक शब्द आहे, ग्नाडेनब्रोट. शब्दशः दयेची भाकरी. म्हणजे आता याला दत्तक द्यायची धडपड थांबवली, हे शेवटपर्यंत इथेच राहणार, आणि अशा प्राण्याचं पालकत्व लोक दर महिन्याला थोडे पैसे देऊन घेतात. मांजर तिथेच राहतं, पैसे देणाऱ्याला त्याच्या फोटोचं सर्टिफिकेट मिळतं. माझ्या फ्रिजवर एक आहे, १६ वर्षांची काळी म्हातारी. ती जाईल तेव्हा मला कळवतील. म्हणजे "कोण लिहिणार" याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. मला वाटतं मेल्यावर भिंतीवर लावण्यापेक्षा जिवंतपणी एकेकाच्या नावावर एकेक माणूस चिकटवून ठेवणं जास्त बरं.

अवांतर: इस्तंबूलला गेलात तर कादिक्योय भागात तोंबिलीचा पुतळा बघा. लठ्ठ मांजर, फुटपाथच्या पायरीला कोपर टेकून बसायचं, अगदी चावडीवरच्या पाटलासारखं. मालक कुणी नाही, अख्ख्या गल्लीचं. २०१६ मध्ये गेलं, लोकांनी सह्या गोळा करून त्याच वर्षी त्याच पोझमध्ये ब्राँझचा पुतळा बसवला. साधारण महिन्याभराने तो चोरीला गेला आणि इतका आरडाओरडा झाला की परत आणून ठेवला!

---

देवगडची_माई

आम्ही मागल्या दारी पुरतो. तीन फूट खड्डा, खाली खडेमीठ, वर परत मीठ, मग माती आणि वर एक मोठा चिरा म्हणजे कुत्री उकरत नाहीत. वर काहीतरी लावायचं. आमच्याकडे एक अनंत आहे तो अनंत नाहीच, तो "मन्या" आहे, सगळे म्हणतात मन्याला फुलं आलीत. शहरात जागा नाही हे कळतं गं. कुंडीत लाव.

---

नाव_नको

हा आयडी आत्ता याच प्रतिसादासाठी काढलाय.

मी परत करणारी आहे. तुम्ही लोक ज्यांना शिव्या घालता ना ती. लग्नानंतर वर्षभरात एक बोका आणला, दोन वर्षांचा, पांढरा, शेपटीवर केशरी ठिपका. नाव होतं टिळक पण कपाळावर टिळा वगैरे काही नव्हता, शेल्टरमध्ये कुणी ठेवलं काय माहीत. तीन आठवडे होता. सासूबाईंना दमा होता, तो वाढला, किंवा वाढला असं त्या म्हणाल्या, आणि नवरा म्हणाला की एवढंसं मांजर आहे, देऊ परत, त्यात काय. मी भांडायला हवं होतं, नाही भांडले. कॅरिअरमध्ये तो आपणहून जाऊन बसला कारण मागच्या वेळेला कॅरिअरमधून तो घरी आला होता.

मला वाटलं देखणा आहे, मिळेल दुसरं घर. मी दर महिन्याला त्यांचं पेज बघायची. पहिले सहा महिने त्याचा फोटो येत होता, मग खाली "एकदा परत आलेला" असं लिहायला लागले, मग फोटो बंद झाले. मी समजले घर मिळालं. चार वर्षांनी धीर करून फोन केला तर त्या बाई म्हणाल्या, नाही हो, तो इथेच होता, गेल्या दिवाळीत गेला. परत आल्यापासून कुणी आलं की पाठ करून बसायचा.

मी त्यांना सांगितलंच नाही मी कोण. "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

भिंतीचं मला माहीत नाही. पण भिंत असती तर एकदा जाऊन बघितली असती.

---

सरळसोट

@नाव_नको, परत आणून दिलंत. रस्त्यावर सोडलं नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्यांना लोकांनी बाजारात, पुलाखाली, देवळाच्या पायरीवर सोडलेलं असतं. हे तुमचं समाधान करायला म्हणत नाहीये, खरं आहे म्हणून म्हणतोय.

---

पट्टेरी_मनी

सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं लिहायला बसले तर रडत बसेन.

भिंतीचा नाद सोडला. पालकत्वाची कल्पना परवाच्या मीटिंगमध्ये मांडली, म्हाताऱ्या ७ मांजरांपासून सुरू करतोय, त्या मोठ्यांनीच पहिलं मांजर घेतलं, तेही सगळ्यात चावरं. आणि मी एक २०० पानी वही आणलीये, साधी, ५५ रुपयांची (सरळसोट, नोंद घ्यावी). रजिस्टरशेजारीच ठेवणार. एकेका मांजराला एक पान. आजार, तारखा काही नाही, ते रजिस्टरमध्ये आहे. फक्त ते मांजर कसं होतं ते. जुन्या व्हॉलंटिअर्सना फोन करून विचारतेय, एका काकांना २०१६ च्या एका बोक्याचं ओरडणं अजून जसंच्या तसं काढता येतं, ते कसं लिहायचं हा प्रश्न आहे.

मावशीचं पान लिहून झालं. "चिकन आवडायचं नाही. चिकनचं पाणी आवडायचं. कपाटावरून उतरताना आधी डावा पाय."

@नाव_नको, आमच्याकडचा नव्हता तो, पण वहीत पानं पुष्कळ आहेत. टिळकचं काही लिहायचं का?

---

नाव_नको

तीन आठवड्यांत किती कळणार.

नळाचं पाणी लागायचं त्याला, वाटीतलं नाही. मी भांडी घासायला लागले की ओट्यावर येऊन बसायचा आणि धारेत आधी पंजा घालून बघायचा, मग प्यायचा. माझी बाही भिजायची.

शेपटीचा ठिपका नीट बघितलं तर दोन ठिपके होते.