अंकुश कुठे गेला?

रानवारा: काल कुणीतरी छायाचित्रकार ग्रेगरी कोल्बर्टचे फोटो टाकून 'माणूस-प्राणी असे गुण्यागोविंदाने नांदू शकतात' लिहिलं. खाली बदामांचा पाऊस. राहवेना म्हणून हा धागा. त्याचं 'अ‍ॅशेस अँड स्नो' हे प्रदर्शन २००२ मध्ये व्हेनिसला लागलं, २००५ मध्ये न्यूयॉर्कला, वास्तुरचनाकार शिगेरू बानने मालवाहू कंटेनर रचून बांधलेल्या संग्रहालयात. मातकट रंग, हातकागद, चित्राखाली एक ओळ नाही. गुडघे टेकलेल्या हत्तीसमोर पोरगं पुस्तक वाचतंय. देखणंच आहे. पण रानातला हत्ती असा बसत नाही, बसवावा लागतो. कसा बसवतात ते चौकटीबाहेर, आणि याला सहजीवन म्हणायचं?

मीनल_पुणे: संगणकावर काही जोडलेलं नाही, असं तो स्वतः सांगतो. ही कल्पना आहे, वनखात्याचा पंचनामा नव्हे! ज्ञानेश्वरांच्या रेड्याला कुणी दाखला मागतं का?

रानवारा: त्या गोष्टीत आसूड आहे, ताई. रेड्याला मारलं तर वळ माउलींच्या अंगावर उठले. इथे अंकुश गायब, वळही गायब.

शिरोळकर: अंकुश अंकुश काय लावलंय? २०२५ ला नांदणी मठातली माधुरी हत्तीण जामनगरला नेली, तेव्हा असलेच शहाणे टाळ्या पिटत होते. अख्खं गाव रडत होतं. आमच्या आजीनं तिला केळी भरवलीत. ते प्रेम खोटं?

गोठ्यातला_डॉक्टर: माधुरीबद्दल बोलत नाही. दुसऱ्या एका हत्तिणीचे तळवे मी धुतलेत, जन्म फरशीवर गेलेला. तिलाही केळी भरपूर मिळायची.

शिरोळकर: डॉक्टर आहात म्हणून ऐकून घेतो. साखळी नव्हती असं मी कुठं म्हटलं?

मीनल_पुणे: धागा फोटोंचा होता!!! निक ब्रँटची 'द डे मे ब्रेक' ही फोटोमालिका बघा. २०२०, केनिया आणि झिम्बाब्वे. सोडवून आणलेले, पुन्हा रानात जाऊ न शकणारे प्राणी. शेजारी दुष्काळ-पुरानं उठवलेली माणसं. दोघांची नावं शीर्षकात.

रानवारा: त्या फोटोंतलं धुकं यंत्राचं आहे. बरं, नावं लिहिली, मान्य. आणि कुणी कुणाला पुस्तक वाचून दाखवत नाही, हेही बरंय.

मीनल_पुणे: उपकार झाले!

शिरोळकर: घरात एक फोटो आहे. कुठल्याशा जत्रेत, मी चार वर्षांचा, हत्तीच्या सोंडेखाली. माहुताच्या हातात काय आहे ते आत्ता पहिल्यांदा बघितलं. तरी माधुरीचा विषय वेगळाच.